मॅडीचा मुलगा, भाच्याची मुलगी

मराठी माणसाचं नुसत्या नावानं भागत नाही. "मी सुधीर," असं कुणी म्हटलं की समोरचा क्षणभर थांबतो आणि भुवई उचलून म्हणतो, "सुधीर...?" त्या तीन टिंबांत सगळी चौकशी असते. आडनाव कळलं की पुढचा प्रश्न येतो, "मूळचे कुठले?" आणि त्यापुढचा, "मग ते सांगलीचे अमुकतमुक तुमचे कोण?" गाडी इथवर आली की दोन्ही बाजू निवांत होतात आणि चहाचं विचारलं जातं. शाळेत मास्तर आडनावानं हाक मारतात, ऑफिसात साहेब आडनावानं ओरडतात, आणि होस्टेलच्या एकाच खोलीत शिक्षण संपेपर्यंत राहिलेल्या मित्राचं पाळण्यातलं नाव त्याच्या लग्नाच्या पत्रिकेतून कळतं. "अरे, आपला गोखले म्हणजे चिंतामणी होय!"

इतकं आडनावाचं वेड असूनही एक गोष्ट आपण कधी केली नाही. बारशाला आत्यानं बाळाच्या कानाशी वाकून "कुर्रर्र... कुलकर्णी!" असं म्हटलं आणि मागून तिच्या पाठीत धपाटे पडले, हे अजून कुणी पाहिलेलं नाही.

अमेरिकेत हे सर्रास चालतं. तिथल्या एखाद्या बालवाडीचा हजेरीपट वाचला तर तो मुलांचा आहे की वकिलांच्या फर्मच्या पाटीवरचा, असा प्रश्न पडावा. पार्कर, कार्टर, हार्पर, मॅकेंझी, केनेडी, ॲडिसन, मॅडिसन. ही सगळी आडनावं, आणि ती लावणारी मंडळी अजून डायपरमध्ये.

यातल्या मॅडिसनशी माझा संबंध भाच्यामुळे आला. भाचा न्यू जर्सीत राहतो, एडिसनला. म्हणजे गावाचं नावही आडनावच. पूर्वी त्याला रॅरिटन टाउनशिप म्हणत. थॉमस एडिसनची दिव्यासाठी गाजलेली मेन्लो पार्कची प्रयोगशाळा तिथली, म्हणून 1954 साली गावानं त्याचं नाव घेतलं. आता तिथे आपल्याकडची इतकी मंडळी आहेत की भाच्याला मेतकूट संपलं म्हणून मायदेशाची आठवण येण्याचा प्रसंगच येत नाही.

तर भाच्याला मुलगी झाली. इकडे ताईनं लगेच गुरुजींकडून पत्रिका मांडून घेतली. मघा नक्षत्र निघालं. मघाची अक्षरं मा, मी, मू, मे. ताईनं चारही चरणांची सोय करून यादी तयार ठेवली: मानसी, मीरा, मुक्ता, मेधा. व्हिडिओ कॉलवर यादी वाचून दाखवली. भाचा म्हणाला, "'म'वरूनच हवंय ना? मग आम्हाला मॅडिसन आवडलंय."

ताईला ऐकू आलं, मेडिसिन.

"अरे, पोरीला औषधाचं नाव काय ठेवतोस? मग पुढचीचं काय, इंजेक्शन?"

भाच्यानं स्पेलिंग सांगितलं, भाचेसुनेनं उच्चार करून दाखवला, शेवटी गुरुजींना फोन लागला. गुरुजींनी शांतपणे निर्णय दिला, "पंचांगात 'मे' आहे. 'मॅ' नाही."

भाचेसुनेचा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. तिकडच्या डेकेअरच्या बाईंना 'मुक्ता' म्हणता येत नाही, त्या 'मक्टा' म्हणतात. आणि मूल रोज आठ तास त्यांच्याकडे असणार. ताईनं एक पाऊल मागे घेऊन एकच अट घातली, "नावाला अर्थ पाहिजे." आणि अर्थ शोधण्याचं काम माझ्यावर आलं, कारण मामा रिटायर झालाय आणि त्याला उद्योग नाही, यावर एडिसन आणि कोथरूड या दोन्ही ठिकाणी एकमत होतं.

अर्थ लगेच सापडला. सांगायचा कसा, हा प्रश्न होता. मॅडिसन म्हणजे मॅडीचा सन. मॅडीचा मुलगा.

ताईला फोनवर हे सांगितलं तेव्हा पलीकडे कुकरची शिट्टी तेवढी ऐकू आली. मग ताईनं तोच प्रश्न विचारला जो कुठल्याही मराठी माणसानं विचारला असता, "आणि ही मॅडी कुणाची कोण?"

मॅडी हे मॉडचं लाडाचं नाव, आणि मॉड म्हणजे मटिल्डा. नॉर्मन लोकांनी हे नाव इंग्लंडात आणलं, त्याचा अर्थ युद्धात बळ दाखवणारी. काही पंडित म्हणतात की मॅडी ही बाई नव्हेच, तो मॅथ्यू नावाचा बाप्या होता. मी मॉडच्या बाजूचा. कारण एरवी जॉनचा जॉन्सन, जॅकचा जॅक्सन, विलचा विल्सन अशी बापांची रांग लागलेली असते. तिच्यात एखादी आई आली तर बरं वाटतं. बाप लवकर गेला असेल, किंवा गावात आईचाच दरारा असेल. "कुणाचा रे तू?" "मॅडीचा." असं आडनाव पडलं.

यात आपण इंग्रजांच्या बरेच पुढे होतो. पैठणचे सातवाहन राजे आईचं नाव लावून राज्य करत होते. गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी. नाशिकच्या पांडवलेण्यांत तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीनं आपल्या गौतमीपुत्राच्या पराक्रमाचा लांबलचक लेख कोरवून घेतला आहे. त्यात मुलाच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायल्याचं सांगितलं आहे. समुद्राचं खारट पाणी घोडे का पितील, असं कुणी विचारलेलं दिसत नाही. आई मुलाचं कौतुक करत असताना मध्ये बोलू नये हे तेव्हाही लोकांना कळत होतं. आणि आता महाराष्ट्र सरकारनंही 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम केला आहे. म्हणजे मॅडिसनची कल्पना मराठी माणसाला नवी नाही.

पण आपण ती मुलीला लावत नाही. पैठणच्या एखाद्या घरात मुलगी झाली आणि पाळण्यावर झगझगीत अक्षरांत 'कु. गौतमीपुत्र' लिहिलं, लाडानं तिला 'गौतू' म्हणायला लागले, तर काय वाटेल? नेमकं तेच अमेरिकेत गेली चाळीस वर्षं चाललंय. ॲडिसन म्हणजे ॲडमचा मुलगा, मुलीचं नाव. एमर्सन म्हणजे एमरीचा मुलगा, मुलींतही चालतं. मॅकेंझी म्हणजे कॉइन्यख नावाच्या स्कॉटिश गृहस्थाचा मुलगा, मुलीचं नाव. ताईला मी म्हटलं, "तुला अर्थच हवा असेल तर आपल्याकडे सातपुते आहेत, अष्टपुत्रे आहेत, दशपुत्रे आहेत. एका मुलावर का थांबायचं?" ताईनं फोन ठेवला.

आडनाव पाळण्यात शिरलं कसं, याची हकिकत मात्र इंग्लंडातली आणि बरीचशी इस्टेटीची आहे. सोळाव्या शतकापासून तिथल्या बड्या घराण्यांत एक पद्धत पडली. आईकडचं घराणं मोठं असेल, तिकडून जमीनजुमला यायचा असेल, किंवा ते घराणं मुलगा नसल्यानं बुडणार असेल, तर मुलाला आईचं माहेरचं आडनाव नाव म्हणून द्यायचं. नऊ दिवसांची राणी म्हणून प्रसिद्ध असलेल्या लेडी जेन ग्रेचा नवरा गिल्डफर्ड डडली. त्याच्या आईचं माहेर गिल्डफर्ड. नाव दोन्हीकडून भक्कम होतं, पण 1554 साली त्याचं डोकं उडालंच. विल्यम कॅम्डन नावाच्या विद्वानानं 1605 साली आपल्या पुस्तकात नोंद केली की आडनावाचं नाव करण्याची ही पद्धत अलीकडे आपल्याकडे पडली आहे आणि ख्रिस्ती जगात दुसरीकडे कुठेही नाही. म्हणजे तेव्हाही कुणीतरी कपाळाला आठी घालून बसलेला होताच. जेन ऑस्टेनच्या 1813 सालच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधल्या ज्या डार्सीवर दोनशे वर्षं वाचक मुली जीव टाकत आहेत, त्याचं नाव फिट्झविल्यम, आणि तेही त्याच्या आईचं माहेरचं आडनाव.

हे मराठीत करून पाहावं. कुलकर्ण्यांकडे देशपांड्यांची मुलगी दिली. मुलगा झाला. माहेरची आठवण म्हणून त्याचं नाव ठेवलं देशपांडे. पूर्ण नाव: देशपांडे श्रीपाद कुलकर्णी. हा मुलगा मोठा होऊन बँकेत खातं उघडायला गेला की पुढचा संवाद ठरलेला.

"नाव?"

"देशपांडे."

"आडनाव नको, नाव सांगा."

"देशपांडेच. आडनाव कुलकर्णी."

"म्हणजे दत्तक का?"

"नाही हो. देशपांडे आईचं माहेर."

"आईचं नाव पुढच्या रकान्यात आहे. इथं तुमचं."

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत हे चालेल आणि शेवटी पासबुकावर 'देशपांडे कुलकर्णी आणि कंपनी' असं छापून येईल.

इंग्रजांचं मात्र निभावलं. विन्स्टन हे असंच एक माहेर. 1620 साली जन्मलेल्या पहिल्या सर विन्स्टन चर्चिलची आई विन्स्टन घराण्यातली. नाव घराण्यात राहिलं आणि विसाव्या शतकातल्या चर्चिलपर्यंत आलं. दुसरं महायुद्ध सुरू असताना, ऑक्टोबर 1940 मध्ये लिव्हरपूलला एक मुलगा जन्मला, त्याचं नाव जॉन विन्स्टन लेनन. कॅरिबियन बेटांवर तर विन्स्टनांचं पीकच आलं. 1983च्या विश्वचषकात ऑस्ट्रेलियाचे 51 धावांत 7 गडी उडवणारा विन्स्टन डेव्हिस आपल्या पिढीला आठवत असेल. सतराव्या शतकातल्या एका बाईंचं माहेर लीड्सच्या मैदानावर बाउन्सर टाकत होतं.

आणि आपल्याकडे पाहायचं तर वॉशिंग्टन. इंग्लंडच्या उत्तरेला त्या नावाचं गाव आहे. बाराव्या शतकात तिथे राहायला आलेल्या एका सरदारानं गावाचं नाव लावायला सुरुवात केली. म्हणजे हे शुद्ध 'कर'वालं आडनाव, वॉशिंग्टनकर. त्याच्या वंशातला जॉर्ज अमेरिकेचा पहिला अध्यक्ष झाला, आणि त्याच्या नावावरून राजधानीचं नाव पडलं. चेन्नईच्या एम. सुंदर यांनी मात्र मुलाचं नाव वॉशिंग्टन ठेवलं ते जॉर्जवरून नव्हे. त्यांच्या शेजारी पी. डी. वॉशिंग्टन नावाचे निवृत्त सैनिक राहत. त्यांनी सुंदर यांच्या लहानपणी शाळेची फी, पुस्तकं, गणवेश सगळं पाहिलं होतं. त्या उपकाराची आठवण म्हणून वॉशिंग्टन सुंदर. पाळण्यात आडनाव घालायचं याहून चांगलं कारण मला ठाऊक नाही.

मॅडिसनकडे परत येतो. हे आडनाव प्रसिद्ध केलं ते अमेरिकेचे चौथे अध्यक्ष जेम्स मॅडिसन यांनी. उंची सव्वापाच फुटांच्या आसपास, प्रकृती तोळामासा, आवाज बारीक. पण अमेरिकेच्या राज्यघटनेचा जनक म्हणून मान त्यांना मिळतो. 1809 ते 1817 अध्यक्ष होते. त्यांच्या कारकिर्दीत, ऑगस्ट 1814 मध्ये, इंग्रजांनी येऊन व्हाइट हाऊस जाळलं. पत्नीचं नाव डॉली. ती मात्र मोठी मैफलबहाद्दर. वॉशिंग्टनमधल्या मेजवान्या म्हणजे डॉलीबाईंच्याच. तिला पहिल्या लग्नाचा एक मुलगा होता, तो सावत्र बापाला कर्जात बुडवण्यापलीकडे फारसं काही करत नसे. जेम्सरावांना स्वतःचं मूल नव्हतं. ज्या माणसाचा वंश पुढे चालला नाही, त्याचं आडनाव आज लाखो पोरी नाव म्हणून मिरवतात.

मॅडिसन हे पूर्वी मुलांचं नाव असे. त्यातल्या एकाची गोष्ट सांगायलाच हवी. तिसरे अध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या माँटिसेलोच्या वाड्यावर सॅली हेमिंग्ज नावाची गुलाम स्त्री होती. तिच्या मुलांचे वडील जेफरसनच, हे आता बहुतेक इतिहासकार मानतात. जानेवारी 1805 मध्ये तिला मुलगा झाला. त्याच मुलानं म्हातारपणी, 1873 साली, ओहायोतल्या एका वर्तमानपत्राला आपली हकिकत सांगितली. तो म्हणाला की माझ्या जन्माच्या वेळी डॉली मॅडिसनबाई वाड्यावर पाहुण्या आलेल्या होत्या. बाळाचं नाव मला ठेवू दे, तुला छानशी भेट देईन, असं त्यांनी माझ्या आईला कबूल केलं. आईनं हो म्हटलं. माझं नाव मॅडिसन पडलं. भेट कधीच आली नाही.

आपल्याकडे आत्या नाव ठेवते आणि साडी घेते. इथे नाव ठेवणारीनंच भेट कबूल केली आणि बुडवली. राज्यघटनेत माणसाच्या हक्कांची कलमं घालणाऱ्या मॅडिसनांच्या इस्टेटीवर शंभरावर गुलाम होते, आणि मृत्युपत्रातही त्यांनी त्यांना सोडलं नाही. त्या घरातून एका गुलाम बाईला भेट येईल, अशी अपेक्षा तरी कुणी ठेवावी! मॅडिसन हेमिंग्ज मोठा होऊन सुतार झाला. अडुसष्टाव्या वर्षी सगळं आयुष्य सांगायला बसला तेव्हाही न आलेली भेट त्याच्या लक्षात होती.

जेम्स मॅडिसन 1836 साली वारले. त्याच साली विस्कॉन्सिनमध्ये जमिनीच्या दलालांनी एक शहर कागदावर आखून विकायला काढलं, त्याला मॅडिसन नाव दिलं आणि गिऱ्हाइकांवर छाप पडावी म्हणून राज्यघटनेवर सह्या करणाऱ्या 39 जणांची आडनावं रस्त्यांना वाटून टाकली. त्याच साली न्यूयॉर्कमध्ये मॅडिसन अव्हेन्यू हा रस्ता निघाला, जवळच्या मॅडिसन चौकावरून त्याला नाव मिळालं. चौकात एक करमणुकीचं मैदान झालं, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. आज ते त्या चौकात नाही, त्याची इमारत चौकोनी नाही, गोल आहे, आणि बाग तर तिथे औषधालाही नाही. 2014 साली पंतप्रधान मोदींचं भाषण झालं ते इथेच. तिथल्या सहा दिवसांच्या शर्यतींवरून सायकलच्या एका शर्यतीलाही मॅडिसन म्हणतात. मेलेल्या माणसाचं आडनाव इतकं राबवून घेतलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही.

तरीही 1984 सालापर्यंत मॅडिसन हे मुलीचं नाव नव्हतं. ते केलं एका मत्स्यकन्येनं.

त्या वर्षी मार्चमध्ये 'स्प्लॅश' नावाचा सिनेमा आला. नायक टॉम हँक्स, न्यूयॉर्कमध्ये फळं-भाजीचा घाऊक व्यापार करणारा साधा माणूस. नायिका डॅरिल हॅना, समुद्रातली मत्स्यकन्या. कोरड्या जमिनीवर तिला पाय फुटतात. ती दुकानातल्या टीव्हीसमोर बसून एका दुपारात इंग्रजी शिकते. आमच्याकडे दहा वर्षं शाळेत घालून जे जमलं नाही ते तिला टीव्हीच्या एका सेटवर जमतं, पण ते असो. नायक तिला नाव विचारतो. ती म्हणते, माझ्या भाषेतलं नाव इंग्रजीत सांगता येत नाही. तो म्हणतो, तसंच सांग. ती सांगते, आणि त्या किंकाळीनं दुकानातल्या टीव्हींच्या काचा तडातडा फुटतात.

मग दोघं रस्त्यानं चालत तिच्यासाठी इंग्रजी नाव शोधतात. चालता चालता तो सहज रस्त्याचं नाव उच्चारतो, मॅडिसन अव्हेन्यू. तिला तेवढंच आवडतं. तो म्हणतो की हे काही नाव नव्हे. मग मान्य करून टाकतो आणि पुढे म्हणतो की बरं झालं, आपण 149व्या रस्त्यावर नव्हतो. थिएटरात लोक हसले. विनोदाचा सगळा जोर यावरच होता की असं नाव कुठे असतं का!

पुढच्याच वर्षी, 1985 साली, मॅडिसन अमेरिकेतल्या मुलींच्या पहिल्या हजार नावांत आलं. तिथलं सामाजिक सुरक्षा खातं दर वर्षी नावांची क्रमवारी जाहीर करतं, म्हणून हे कळतं. 1997 साली पहिल्या दहांत. 2001 आणि 2002 साली दुसरा क्रमांक, पुढे फक्त एमिली. सतरा वर्षांत विनोदाचं नाव झालं. स्वतः नायिकेचं डॅरिल हे नावही फ्रान्समधल्या एका गावावरून आलेलं आडनाव, मग पुरुषांचं नाव, मग तिचं. तेव्हा तिच्या तोंडून 'मॅडिसन' ऐकताना अमेरिकन आईबापांना काही खटकलं नसावं. पुढे स्पेलिंगं सुरू झाली. एक 'डी', दोन 'डी', 'आय'च्या जागी 'वाय', दोन्हीकडे 'वाय'. आपल्याकडे अंकशास्त्रवाल्यानं सांगितलं म्हणून नावात तीन 'ए' घालणाऱ्यांनी हसू नये.

या सगळ्यात मला एक गोष्ट लक्षात आली. मॅडीच्या मुलापासून मत्स्यकन्येपर्यंत हे नाव सहा हातांतून गेलं, आणि प्रत्येक नव्या हातानं आधीच्याचा अर्थ टाकून दिला. म्हणूनच ते इतकं लांब गेलं. अमेरिकन माणूस मुलाचं नाव मेसन ठेवतो, 2011 साली ते मुलांत दुसऱ्या क्रमांकावर होतं, आणि त्याच्या मनात थापी-ओळंबा येत नाही. मेसन म्हणजे गवंडी. टायलर कौलं घालणारा, कूपर पिंपं बांधणारा, टेलर शिंपी, चँडलर मेणबत्त्या करणारा, स्पेन्सर कोठीघर सांभाळणारा, म्हणजे आपला कोठावळे. पार्कर हा राजाच्या शिकारीच्या रानाचा राखणदार. आपल्याला तो मुंजीत आलेलं पेन म्हणून माहीत. कॅमेरॉनचा गेलिक भाषेतला अर्थ वाकडं नाक. सुंदर नाकाच्या पोरींना तिकडे वाकडनाके म्हणतात आणि त्या वळून गोड हसतात.

इंग्रजांचा गवंडी आपल्या आडनावातून बाहेर पडला, त्याची नातवंडं डॉक्टर आणि दिवाळखोर झाली, लोक त्याची थापी विसरले; मग ते आडनाव पाळण्यात घालायला मोकळं झालं. आपली आडनावं अजून नोकरीत आहेत, रिटायर झालेली नाहीत. "सुधीर...?" या तीन टिंबांत गाव असतं, सांगलीचे अमुकतमुक असतात, आणि ज्याबद्दल तोंडानं बोलायचं नाही असं ठरलेलं असतं ती जातही असते. ज्यांनी ही टिंबं सोसली त्यांतल्या कित्येकांनी आडनाव गाळून आईबापांची नावं लावायला सुरुवात केली. आपल्याकडे 'सुतार' हे नाव बारशाला ठेवता येत नाही, कारण ते अजून निव्वळ नाव झालेलं नाही. ज्या दिवशी कोथरूडच्या एखाद्या पाळण्यात लोहार जोशी किंवा गुरव देशमुख नावाचं पोर हातपाय झाडताना दिसेल, त्या दिवशी महाराष्ट्रात काहीतरी बदललं असं मी मानीन. तोवर आपल्याला हसण्याचा हक्क आहे, पण बेतानं.

वसईत आणि गोव्यात मात्र नेल्सन, विल्सन, मिल्टन पिढ्यान्‌पिढ्या नांदताहेत. नेल्सन, म्हणजे नीलचा मुलगा, वसईच्या बाजारात सुरमईवरून अस्खलित मराठीत घासाघीस करतो आणि त्याला कुणी अर्थ विचारत नाही.

आमच्याकडे निकाल असा लागला. ताईनं अर्थ ऐकून 'मॅडिसन' सपशेल नामंजूर केलं. भाचेसुनेनं 'मुक्ता' अडवलं. गुरुजींच्या 'मे'वर तडजोड झाली आणि मुलीचं नाव मेधा ठेवलं. डेकेअरच्या बाईंना पहिल्या आठवड्यात 'ध' जमला नाही, दुसऱ्या आठवड्यात त्यांनी प्रयत्न सोडला, आणि आता तिथे सगळे तिला मॅडी म्हणतात. ताईला हे अजून कुणी सांगितलेलं नाही. पुढेमागे मेधाला मुलगा झाला तर तो अर्थासकट, व्याकरणासकट खराखुरा मॅडिसन असेल.

तेव्हा वाचकहो, पाळण्यात मुक्ता घाला, मॅडिसन घाला, हवं तर देशपांडे घाला. फक्त नाव ठेवणारीशी किंवा ठेवू देणारीशी काही देणंघेणं बोललं असेल, तर ते त्याच दिवशी पुरं करा. डॉलीबाईंनी व्हाइट हाऊसला आग लागायच्या आधी वॉशिंग्टनचं तैलचित्र वाचवलं, त्याचं श्रेय त्यांना पुस्तकांतून मिळतं. पण सॅली हेमिंग्जला कबूल केलेली भेट बाकी आहे, आणि तीही छापलेलीच आहे.